कालव्यात हरवलेला माझा जबडा

मी हाडके गुरुजी बोलतोय. खालचा जबडा नसताना हा बोलतो कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. शाळेत प्रश्न पडलेला चांगला असतो. जीभ तर मला जन्मापासूनच नव्हती, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. जबडा गेल्यावर मात्र जो तो येऊन हळहळतो. माणसांचं हे असंच असतं.

तर मी एक सांगाडा आहे. प्लास्टिकचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावातल्या काही म्हाताऱ्या अजून मला बघितलं की पदर सावरून दुसऱ्या वाटेनं जातात. बायांनो, मी कुणाचा कुणी लागत नाही. माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून काढलं, तारेनं जोडलं, डोक्यात हूक बसवला आणि पुण्याच्या एका कॉलेजात धाडलं. तिथं डॉक्टर होणारी पोरं माझ्यावर हाडं शिकली. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या पाया पडायची आणि पास झाली की ओळख द्यायची नाहीत. पुढं माझ्याहून उंच, नवाकोरा सांगाडा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. झाडणारी बाई काम संपलं की झाडू माझ्या बरगडीत खोचून ठेवायची.

त्या कॉलेजात बुद्धघोष नावाचा एक तरुण प्रयोगशाळेत नोकरीला होता. त्याचं गाव इंदापूर तालुक्यात, सणसरच्या अंगाला. त्यानं मला साहेबांकडून रीतसर मागून घेतलं आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला एसटीनं गावाकडच्या शाळेसाठी आणलं. कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्येचं तिकीट?"

"ह्येला वजन कुठं हाय?" बुद्धघोष म्हणाला.

"वजन नसंल, पर सीट तर धरलंय की!"

बराच वाद झाला आणि शेवटी माझं सामानाचं तिकीट फाडलं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण या हकिकतीतले दोन्ही मुख्याध्यापक अजून नोकरीत आहेत. एवढंच सांगतो, की गावाच्या मधून कालवा जातो. अलीकडं गावठाण, मारुतीचं देऊळ, सोसायटी आणि एक शाळा. पलीकडं साहेबरावांची, म्हणजे बुद्धघोषच्या वडलांची वस्ती, विहार, उसाची रानं आणि दुसरी शाळा. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या, दोन्ही सातवीपर्यंत. एका शाळेतली घंटा दुसऱ्या शाळेत ऐकू जाते. पूल मात्र पार खाली, गाडीनं वळसा घालून जायचं. कालव्याला पाणी नसलं की माणसं सरळ कालव्यात उतरून इकडून तिकडं जायची. पाणी सुटलं की एका गावाची दोन गावं व्हायची.

अलीकडच्या शाळेचे बापूसाहेब गुरुजी आणि पलीकडच्या शाळेचे रामहरी गुरुजी हे एकमेकांचे साडू. दोघं बारामतीत शेजारी शेजारी राहायचे आणि एकाच स्कूटरवरून जाऊन-येऊन करायचे. वाटेत गप्पा घरच्या, पण शाळेचा विषय निघाला की स्कूटर हलायला लागायची.

"तुमची शाळा म्हणजे काय हो, नुसती आरडाओरड!"

"आणि तुमची? पावसाळ्यात पोरं दप्तराबरोबर घमेलं आणतात!"

मी दोन्ही शाळांत नांदलोय, म्हणून खरं काय ते मलाच विचारा. अलीकडची शाळा पत्र्याची. दुपारी आत बसलं की आपली भाकरी भाजतायत असं वाटायचं. पण कविता म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पाचवीनं सूर लावला की देवळातली म्हातारी माणसं दचकून उठायची. भागाकार आला की मात्र सगळ्या वर्गाला एकदम तहान लागायची. पलीकडची शाळा स्लॅबची, आणि स्लॅब गळका. तिथं पाचवी, सहावी आणि सातवी एकाच खोलीत तीन दिशांना तोंडं करून बसायची, मध्ये मी. तिथल्या पोरांचं अक्षर मोत्यासारखं, गणित तोंडपाठ. पण कविता म्हणायला उभं केलं, की पोरगं मास्तरांच्या कानात चुगली सांगितल्यासारखं पुटपुटायचं. अलीकडं मोठं लोखंडी कपाट होतं, त्यात ठेवायला काही नव्हतं. पलीकडं मी होतो, पृथ्वीचा गोल होता, नकाशे होते, पण उंदरांपासून वाचवायला कपाट नव्हतं.

यावर साडवांनी एक तोड काढली होती. तपासणी ज्या शाळेची, तिथं दोन्हीकडचं सगळं चांगलं गोळा करायचं. कपाट पलीकडं यायचं, मी अलीकडं जायचो. कुंड्या, गोल, सतरंजी, सगळ्यांची कोरड्या कालव्यातून वरात निघायची. सामानाचं सोडा, पोरींचीसुद्धा अदलाबदल व्हायची! साहेबरावांची नात मोनाली अक्षरासाठी अलीकडं जायची आणि अलीकडची छकुली, घरी न सांगता, कवितेसाठी पलीकडं यायची. छकुलीचा आवाज असा, की तपासायला आलेले साहेब खुर्चीसकट मागं सरकायचे. दोघी एकाच वर्गात, पण वेगळ्या शाळेत. तपासणीच्या पायी त्यांची गट्टी जमली आणि दोघींची माझ्याशी. हाडके गुरुजी हे नाव त्यांनीच ठेवलं. "गुरुजी, तुमी जेवला का?" असं छकुली भेटली की विचारायची आणि स्वतःच "दिसतंय की न्हाय ते!" म्हणून हसायची.

तपासणीचे साहेब खूश, साडू खूश, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि शहाण्णव सालच्या एप्रिलात बातमी आली. इतक्या जवळ दोन सातवीपर्यंतच्या शाळा कशाला, असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. इंदापूरहून विस्तार अधिकारी साहेब येणार, दोन्ही शाळा एकाच दिवशी बघणार, आणि जी सरस ठरेल तिथंच पाचवी ते सातवी राहणार. दुसरी शाळा चौथीवर थांबणार.

साडवांना आपापल्या शाळेची पडली होती. मला पडली होती छकुलीची. ती चौथीत होती, जूनमध्ये पाचवीला जाणार. तिचा बाप जोतीराम, तसा कष्टाळू माणूस, पण एकदा बोलला की हटायचा नाही. त्यानं पारावर जाहीर केलं होतं, "आपल्या हद्दीत वर्ग असंल तवर पोरगी शिकंल. कालवा वलांडून न्हाय जायची. मंग हायतच की घरी म्हशी."

कालवा हे तोंडानं सांगायचं कारण होतं. पलीकडं साहेबरावांच्या वस्तीत आपली पोर बसणार, तिथल्या माठातलं पाणी पिणार, हे त्याचं न सांगायचं कारण. मी हाडांचा मास्तर. आतून माणसं कशी असतात ते मी रोज उघडं उभं राहून दाखवतो. त्यामुळं मला या कारणाचा भारी राग यायचा.

आता गंमत ऐका. याच जोतीरामाची पोर उन्हाळाभर म्हशी घेऊन कालव्यावर जायची. म्हशीचं शेपूट धरून धरून ती अशी पोहायला शिकली होती, की म्हैस दमली तरी ही दमायची नाही. बापाला पत्ताच नव्हता. आजीला होता. आजी म्हणजे प्रयागबाई, जोतीरामाची आई. तिनं स्वतः कधीकाळी असंच शेपूट धरलेलं असणार, म्हणून ती गप्प होती.

साहेब येणार त्या दिवसाचा बेत साडवांनी आधी ठरवून टाकला. साहेब सकाळी पलीकडची शाळा बघतील, मग जीपनं पुलावरून वळसा घालून अलीकडं येतील. तेवढ्यात मला कोरड्या कालव्यातून अलीकडं पोचवायचं. बेत नामी होता. पण ऊस वाळायला लागला म्हणून जोतीराम आणि चार बागायतदारांनी त्याच आठवड्यात पाटकऱ्याची पाठ धरली होती. "पाणी सोडा, पाणी सोडा!" आणि पाटकऱ्यानं नेमकं त्याच पहाटे पाणी सोडलं. सकाळी बघतो तर कालवा काठोकाठ!

साहेब आले. पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, माणूस मोठा हसतमुख. आल्या आल्या त्यांनी माझ्याशी हात मिळवला. "वा, हे गुरुजी सगळ्यात शिस्तीचे दिसतात!" मला ते तिथंच आवडले. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवून मोनालीचं अक्षर बघायला बसले. मग चहा आला, पोहे आले, आणि साहेब टोपी माझ्याच डोक्यावर विसरून जीपमध्ये बसले.

जीप हलली तशी रामहरी गुरुजींनी मला उचललं. घाईत टोपीकडं कुणाचंही लक्ष गेलं नाही. स्कूटरनं जावं तर भरावावरच्या अरुंद रस्त्यानं पुढं साहेबांचीच जीप. तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणली आणि मला त्यात मांडी घालून बसवलं. एक दोर अलीकडं टाकला. तिकडं बापूसाहेब गुरुजी सातवीच्या पोरांना घेऊन तयार होते. "ओढा!" म्हणून रामहरी गुरुजी ओरडले.

मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरलो. खरं सांगतो, बरं वाटलं. मध्यापर्यंत प्रवास थाटात झाला. पण दोराची गाठ बांधली होती ती गुरुजींनी. व्याकरणाची कसलीही गाठ ते सोडवतील, दोराची बांधता यायची नाही. गाठ सुटली. ट्यूब गिरक्या घेत धारेला लागली आणि मी टोपीसकट निघालो.

खालच्या अंगाला दगडावर प्रयागबाई धुणं धूत होती. तिनं मान वर केली. समोरून पांढरीफेक कवटी येतेय आणि तिच्यावर ती टोपी, जी तिनं सकाळीच जीपमध्ये बघितली होती!

"अगं बया बया बया! धावा रं! सायेब बुडालं! इंदापूरचं सायेब बुडालं आन् निस्ती हाडं उरली!"

गाव धावलं. रानातनं जोतीराम खोरं घेऊन आला. पोलीसपाटील एका पायात चप्पल घालून आले. तोवर पूल ओलांडून अलीकडं आलेली जीप भरावावरची गर्दी बघून थांबली आणि साहेब खाली उतरले.

"काय झालं हो?" त्यांनी पोलीसपाटलांना विचारलं.

"साहेब बुडालं."

"कुठले साहेब?"

"इंदापूरचं. शाळा बघाया आलं हुतं. लई चांगलं मानूस हुतं वो!"

"अहो, इंदापूरचा साहेब मीच आहे!"

पोलीसपाटलांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमी न्हाय. त्यांच्या डोक्यावर टोपी हुती."

इकडं माझी ट्यूब एका काट्याच्या झुडपाला घासली आणि फुस्स झाली. मी आडवा झालो. सातवीची पोरं काठाकाठानं पळत नुसती ओरडत होती. माझं काही खरं नव्हतं. तेवढ्यात अलीकडून धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ पलीकडूनही. छकुली आणि मोनाली! दप्तरं काठावर टाकून दोघींनी उड्या घेतल्या होत्या.

"गुरुजी, धरा!" छकुली ओरडली. आता मी काय धरणार! तिनंच माझं डोकं धरलं, मोनालीनं पाय. छकुलीचा हात नेमका जबड्यात अडकला, हिसका बसला, आणि माझा जबडा निखळून पाण्याबरोबर गेला. टोपी तेवढी तिनं दातांत पकडली. मला मध्ये धरून त्या दोघी हात मारत काठाला लागल्या. त्या क्षणी मला हृदय असतं तर ते भरून आलं असतं. नसतानाही आलं, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी आपली टोपी पिळली. मग माझ्याकडं बघितलं, मग दोन्ही काठांवर माना खाली घालून उभ्या असलेल्या दोन साडवांकडं.

"या गुरुजींशी मी सकाळी पलीकडं हात मिळवला," ते म्हणाले. "हे इकडं कुठं निघाले होते?"

छकुली तोंडावरचं पाणी पुसत म्हणाली, "सायेब, ते दोनी शाळंचं हायती. तपासणीला जात्यात. आमी बी जातो."

साहेबांना सगळं कळलं. आता रागावणार म्हणून मी तारा घट्ट केल्या. पण त्यांचं पोट गदगदायला लागलं. हसून हसून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग मी नेमकी कुठली शाळा बंद करू? दोन्हीकडं बघायचं तर सामान एकच, पोरीही त्याच!"

प्रयागबाई ओला पदर पिळत पुढं आली. "सायेब, शाळा एकच हाय. मधनं कालवा गेलाय."

साहेब गंभीर झाले. ते म्हणाले, निर्णय तर द्यावाच लागेल, नाहीतर दोन्हीकडचे वर्ग जातील. पलीकडं इमारत स्लॅबची आहे, जागा मोठी आहे. पाचवी ते सातवी पलीकडं राहील. स्लॅब दुरुस्त होईल आणि बापूसाहेब गुरुजी वरच्या वर्गांना तिकडंच शिकवतील.

छकुलीनं बापाकडं बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. जोतीरामानं खोरं जमिनीत रोवलं आणि घसा खाकरला. "सायेब, तुमचं बरोबर असंल. पर माझी पोरगी कालवा वलांडून..."

"जोत्या!" प्रयागबाईनं असा आवाज लावला की छकुलीचा आवाज कुठून आला ते मला तेव्हा कळलं. "त्या कालव्याचं नाव आता पुन्ना काढू नगंस! तुझी पोर समद्या गावादेखत मुडदा घिऊन कालव्यातनं आली. दप्तर घिऊन न्हाय का जायची?"

गाव खो खो हसलं. मुडदा म्हटल्याचं मला वाईट वाटलं, पण वेळ तशी होती, मी सोडून दिलं.

जोतीराम खाली बघत उभा राहिला. न सांगायचं कारण त्याच्या ओठापर्यंत आलं होतं, ते मला दिसत होतं. तेव्हा पलीकडच्या काठावरून साहेबरावांनी हाक दिली, "जोतीराम! पोरी चिंब भिजल्यात. आमची मोनाली तुमच्या काठाला हाय, तिला कोरडं काय तरी द्या. उद्या तुमची आमच्याकडं आली की आमी दिऊ!"

जोतीरामानं मोनालीकडं बघितलं. तिच्या हातात अजून माझा पाय होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आधी मोनालीचं डोकं पुसलं, मग छकुलीचं. एकाच टॉवेलानं. मग म्हणाला, "जाशील गं. पर एकली उडी टाकायची न्हाय. मी संगं यीन."

आणि तो आला. पाणी असलं की दोन्ही काठांना दोर बांधून, नव्या ट्यूबवरून जोतीराम अलीकडच्या पोरींना पलीकडं सोडायचा. गाठ स्वतः बांधायचा, गुरुजींना हात लावू द्यायचा नाही. पहिले काही दिवस तो शाळा सुटेपर्यंत बांधावर एकटाच बसायचा. मग ऊन सोसेना, तसा साहेबरावांच्या ओट्यावर बसायला लागला. एक दिवस अक्काबाईंनी, म्हणजे मोनालीच्या आजीनं, तांब्या पुढं ठेवला. त्यानं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शाळेची खिडकी त्या ओट्यासमोरच आहे. मग घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, माठ लई गार हाय तुमचा." मला त्या दिवशी माझ्या जबड्याचं दुःख वाटेनासं झालं.

पुढच्या वर्षी साहेबांनी खटपट करून पायी जाण्यापुरता साकव मंजूर करून आणला. छकुली आणि मोनाली एकाच बाकावर बसून सातवी झाल्या. आता त्या सणसरच्या हायस्कूलला जातात. छकुलीला भागाकार येतो आणि मोनाली कविता म्हणते, तेव्हा मागच्या बाकापर्यंत ऐकू येते. साडू एकाच शाळेत आहेत. भांडायला आपापली शाळा उरली नाही, म्हणून आता स्कूटर कुणी चालवायची यावर भांडतात.

मी तिथंच आहे, तीन वर्गांच्या मध्ये. तारा गंजल्यात, एका बरगडीत चिमणीनं घरटं केलंय. पोरं जीवशास्त्रापेक्षा तिची पिल्लं बघायला जास्त येतात. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. कालव्याचं पाणी आटलं आणि खाली कुठं तुम्हाला गाळात एक जबडा दिसला, तर घाबरू नका, पोलीसपाटलांना बोलावू नका. तो माझा आहे. धुऊन घेऊन या. वाट विचारायची गरज नाही. सकाळी शाळेची घंटा झाली की साकवावरून पोरी येताना दिसतील. त्यांच्या मागं मागं या.